मदत हवी आहे : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट

नमस्कार मंडळी,

माझा लॅपटॉप २०१४चा आहे. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या मशीनवर बसत नाही. पण लॅपटॉप अजून धडधाकट आहे, भंगारात टाकायला जीव होत नाही. म्हणून लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली आणि इन्स्टॉल न करता तिथूनच चालवून पाहिली. पडदा, आवाज, टचपॅड सगळं चाललं. इतक्या वर्षांनी हे मशीन एवढं चपळ झालेलं पाहून खरंच आनंद झाला!

अडलंय ते वायफायपाशी. एकही नेटवर्क दिसत नाही. मोबाइल यूएसबीने जोडून इंटरनेट मिळालं, मग मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) दिसला. तो टाकल्यावर वायफाय चालू झालं, पण रीस्टार्ट केल्यावर पुन्हा गायब. पेनड्राइव्हवरून चालवताना केलेले बदल पुसले जातात म्हणूनच हे होतंय ना? की इन्स्टॉल केल्यावरही हाच त्रास होईल?

दुसरं, विंडोज ठेवून शेजारी मिंट टाकायचंय. डी ड्राइव्हमध्ये आईच्या हातच्या पाककृती टाइप करून ठेवल्यात, त्यांना धक्का लागता कामा नये. बॅकअप घेतोच आहे. पार्टिशन (डिस्कचा कप्पा) विंडोजमधूनच लहान करावं का? विंडोजचं फास्ट स्टार्टअप (झटपट सुरू होण्याची सोय) आधी बंद करावं लागतं, एवढं कळलंय.

आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण मांडणी) कुणी मिंटवर रोज वापरतं का? जोडाक्षरं नीट उमटतात का, तेही सांगा.