अफवांवर प्रयोग करत बसणं म्हणजे खरंच वेळ वाया घालवणं आहे का?

परळच्या बाई

काल इथे एकांनी लिहिलं होतं: "पृथ्वी सपाट म्हणणाऱ्यांसमोर प्रयोग करून दाखवणं म्हणजे त्यांना उगाच मान देणं. शास्त्रज्ञ काय सांगतात ते पाठवावं आणि मोकळं व्हावं." खाली अंगठ्यांची रांग. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. "शास्त्रज्ञ सांगतात" म्हटलं की मुलं गप्प बसतात, पण पटतं म्हणून नाही. त्यांच्या लेखी तोही कुणीतरी पुढे ढकललेला मेसेजच. एकाचा मेसेज खरा आणि दुसऱ्याचा खोटा हे त्यांनी कशावरून ठरवायचं?

माझ्या भाचीचा मुलगा सोळा वर्षांचा. वर्षभर सपाट पृथ्वीचे व्हिडिओ बघून घरात सगळ्यांशी भांडायचा. शेवटी मी वाद घालणं सोडलं. भाची जुहूला किनाऱ्यालगत नवव्या मजल्यावर राहते. पोराला खाली वाळूत उभं केलं, मी वर गॅलरीत. फोन चालू ठेवायचा आणि सूर्याची शेवटची कड पाण्याखाली गेली की "गेला" म्हणायचं, एवढंच. दोन संध्याकाळी फुकट गेल्या. धुरकं इतकं की पाण्याला टेकायच्या आधीच सूर्य विरून जायचा. तिसऱ्या दिवशी वारा होता, आकाश स्वच्छ होतं. तो खालून "गेला" म्हणाला तेव्हा मला वरून जवळजवळ पाव सूर्य दिसत होता. मी आकडे मोजत राहिले. मला "गेला" म्हणायला अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागला. गॅलरी २८ मीटर उंच आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरून गणित केलं तर पस्तीसेक सेकंद येतात. पृथ्वी सपाट असती तर दोघांचा सूर्य एकाच वेळी बुडायला हवा होता.

पोरगा वर आला, काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मित्राला घेऊन त्याने स्वतःहून पुन्हा केलं. तुमच्या कुठल्या मेसेजने हे झालं असतं, सांगा.

ठाकुर्लीकर

बाई, कालची पोस्ट माझीच. तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुम्ही गोष्ट अर्धीच सांगताय.

सपाट पृथ्वीचं हे आजचं खूळ मुळात हाताने केलेल्या प्रयोगातूनच निघालं. १८३८ साली इंग्लंडमध्ये रोबॉथम नावाचा माणूस ओल्ड बेडफर्ड नावाच्या सरळसोट कालव्यात उतरला, डोळे पाण्याच्या जेमतेम वर ठेवले आणि लांब जाणारी होडी बघत राहिला. सहा मैलांवर ती दिसेनाशी व्हायला हवी होती, त्याला ती दिसली. झालं, पृथ्वी सपाट! पाण्यालगतच्या हवेत प्रकाश वाकतो हे त्याने धरलंच नाही. १८७० मध्ये हॅम्डेन नावाच्या त्याच्या अनुयायाने पाचशे पौंडांची पैज लावली. आल्फ्रेड रसेल वॉलेस, डार्विनच्या जोडीने उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा, त्याच कालव्यावर गेला. नजर पाण्यापासून बरीच वर ठेवली, मधोमध खूण लावली आणि वक्रता दाखवून पैज जिंकली. हॅम्डेनला पटलं? अजिबात नाही. वर्षानुवर्षं तो वॉलेसला शिवीगाळ करणारी पत्रं लिहीत राहिला, बदनामीसाठी तुरुंगात गेला, तरी थांबला नाही. आणि पैज कायद्याने ग्राह्य नाही म्हणून कोर्टात शेवटी पैसेही हॅम्डेनलाच परत मिळाले.

प्रयोग झाला, बरोबर झाला. कुणाचं भलं झालं? डार्विनच्या तोडीच्या माणसाची कित्येक वर्षं त्या कटकटीत गेली.

माहीम कोळीवाडा

ठाकुर्लीकरांशी सहमत, आणि मी तर आमच्या दारातलंच सांगतो. ऑगस्ट २००६. माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं म्हणून अख्खी मुंबई लोटली होती. बाटल्या, कॅन, कळश्या घेऊन लोक पाण्यात. पालिका ओरडून सांगत होती, पिऊ नका. मी तेव्हा एकवीस वर्षांचा. मला वाटलं थाप आहे, म्हणून बाईंसारखंच ठरवलं, स्वतः बघायचं. ओंजळ भरून तोंडाला लावली. खारट नव्हतं! माझ्या जिभेने मला खोटं सांगितलं नाही. पावसाळ्यात मिठी नदी भरून खाडीत येते आणि हलकं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, हे काकांनी नंतर समजावलं. बोटीवर आयुष्य गेलेला माणूस, त्यांना ते दर पावसाळ्याचं. पण मिठीत काय काय सोडलं जातं ते या शहरात कुणाला सांगायला नको. प्रयोग खरा, निष्कर्ष चुकीचा, आणि मी तीन दिवस अंथरुणात.

परळच्या बाई

तुम्ही चव घेतलीत, त्याला प्रयोग म्हणू नका. प्रयोग म्हणजे काय विचारायचंय ते आधी ठरवणं. "पाणी खारट आहे का" आणि "पाणी पिण्याजोगं आहे का" हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

माहीम कोळीवाडा

हे आता बोलायला सोपं आहे, बाई. त्या रात्री तिथे हजारो लोक होते. त्या गर्दीत प्रश्न वेगळे करत कोण बसणार होतं?

वसईची सिस्टर

मला मधे बोलू द्या. जून २०२१ मध्ये नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला कोविडची लस घेतल्यावर नाणी, चमचे चिकटतात अशी बातमी आली. दुसऱ्या दिवसापासून आमच्या केंद्रावर लोक दंडाला नाणं लावून यायचे. "सिस्टर, बघा, चिकटलं." सुरुवातीला मी पण ठाकुर्लीकरांसारखीच वागले. असं काही नसतं, पुढे चला. ते पुढे जायचे आणि रांगेतले चारजण मागच्या मागे घरी जायचे.

मग एक दिवस आमच्या वॉचमनला बोलावलं. त्याने लस घेतलेली नव्हती. त्याच्या दंडालाही नाणं लावलं, चिकटलं! जूनची मुंबई, घामाने सगळेच चिकट. मग दोघांच्या दंडाला टाल्कम पावडर लावली आणि दोघांची नाणी खाली पडली. त्या दिवशी रांग मोडली नाही. अर्धा मिली लसीत नाणं ओढून धरेल एवढा चुंबक कुठून येणार, हे मी आठवडाभर सांगत होते. ऐकलं कुणी नाही. वॉचमनचा दंड मात्र सगळ्यांनी पाहिला.

काळाचौकी

सिस्टर, तुम्ही वॉचमन उभा केलात. आमच्याकडे तसं कुणी केलं नाही, म्हणून माझ्या भावाच्या दुकानाची काच फुटली.

त्याचं रेशनचं दुकान आहे. प्लास्टिकच्या तांदळाची ओरड तुम्ही सगळ्यांनी ऐकली असेल. लोक काय करायचे? तांदूळ चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरायचे, काळा झाला, धूर आला, म्हणजे प्लास्टिक! भाताचा गोळा जमिनीवर आपटायचे, उसळला, म्हणजे प्लास्टिक! पाण्यात टाकायचे, चार दाणे वर आले, म्हणजे प्लास्टिक! बाई, हे सगळे हाताने करून पाहिलेले प्रयोग होते. व्हिडिओत शेवटी तेच असायचं, "विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा." तुमचंच वाक्य. अफवा पसरवणारे पण करून बघाच म्हणतात.

घरातला चांगला कोलम जाळला तर तोही काळाच होतो. चिकट भाताचा गोळा कुठलाही उसळतो. पण दुसऱ्या वाटीत घरचा तांदूळ घेऊन कुणी पाहिलं नाही. एकानेही नाही. भाऊ दोन दिवस दुकान बंद करून घरात बसला होता, लोक त्याला चोर म्हणत होते.

चेंबूर नाका

दादा, तुमच्या भावाचं वाईट वाटलं. पण पाण्यावर येणारे दाणे खोटे नव्हते. आमचं केशरी कार्ड आहे. आई अजून प्रत्येक वेळी ते दाणे वेचून बाहेर टाकते. जरा जास्त पांढरे, गुळगुळीत, बाकीच्यांपेक्षा वेगळे. तिला खुळी म्हणू नका. चाळीस वर्षं तिने रेशनच्या तांदळातले खडे वेचलेत. आम्हाला कधी कुणी सांगून काही दिलंय?

ठाकुर्लीकर

ताई, ते फोर्टिफाइड दाणे आहेत. तांदळाचंच पीठ, त्यात लोह, फॉलिक ॲसिड, बी-१२ घालून यंत्रातून दाण्याच्या आकारात काढतात. शंभर दाण्यांत एक या प्रमाणात मिसळायचं ठरलं. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून जाहीर झालं, मार्च २०२४ पर्यंत देशभर सगळ्या रेशनला लागू झालं. हे सगळं उपलब्ध होतं, वाचायचे कष्ट घ्यायला हवेत. तुमच्या आई वेचून टाकतात ती औषधाची गोळी आहे. मी हेच म्हणतोय, माहिती घ्या, मेणबत्त्या कशाला पेटवता?

चेंबूर नाका

कुठे उपलब्ध होतं? आमच्या दुकानात अंगठा लागला नाही तर परत पाठवतात, तिथे फॉलिक ॲसिड कोण समजावणार? तुम्ही मॉलमधून बासमती आणता, पाकीट वाचता. आम्हाला गोणीतून मापाने मिळतं. गोणीवर काय छापलंय ते आमच्यापर्यंत कधी येतं? ताटातला तांदूळ बदलला आणि खाणाऱ्याला कळवलं नाही, तर तो शंका घेणारच. वर आम्हीच अडाणी!

ठाकुर्लीकर

मी अडाणी म्हणालो नाही. आणि बासमतीचा इथे काय संबंध? मी पण ठाकुर्लीला एका खोलीत वाढलोय, रेशनच्याच तांदळावर.

काळाचौकी

दुकानदारालाही कुणी सांगितलं नव्हतं, ताई. भावाला ते व्हिडिओवरूनच कळलं. गिऱ्हाईक ओरडतंय आणि याच्याकडे द्यायला उत्तर नाही. तुम्ही त्याच्यावर चिडू नका.

मुलुंड पूर्व

सगळे प्लास्टिकवरच भांडताय. माझ्या मुलीला थॅलेसेमिया आहे. सतत रक्त चढवून तिच्या अंगात लोह साठतं, ते काढायला रोज औषध. तिला जास्तीचं लोह डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय चालत नाही. फोर्टिफाइड अन्नाच्या नियमांत थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आजारांच्या रुग्णांसाठी इशारा होता. तो गोणीवरचा इशारा शिजलेल्या भातापर्यंत कसा पोचायचा? गडचिरोली, पालघरच्या आदिवासी पाड्यांत सिकलसेलचे किती रुग्ण आहेत! आम्ही हा प्रश्न विचारायला गेलो की लोक म्हणायचे, "अहो, ती प्लास्टिकची अफवा आहे, खोटी आहे." प्लास्टिकच्या गोंगाटात खरा प्रश्न बुडाला. त्या व्हिडिओवाल्यांवर माझा राग आहेच. पण "दुर्लक्ष करा" म्हणणाऱ्यांवर जास्त आहे, कारण त्यांनी माझ्याकडेही दुर्लक्ष केलं.

ठाकुर्लीकर

हे मला माहीत नव्हतं. माझं ते "औषधाची गोळी" वाक्य मागे घेतो. तेवढंच. बाकी माझं मत आहे तिथेच आहे.

परळच्या बाई

मघाशी मला राग आला होता, चार ओळी लिहून पुसल्या. काळाचौकी, "तुमचंच वाक्य" हे मला फार लागलं. आणि ते बरोबर आहे. एकतीस वर्षं मी पोरांना "करून पाहा" सांगितलं, पण फळ्यावर कृती लिहिताना दुसरी वाटी बऱ्याचदा गाळली. तासिका पस्तीस मिनिटांची, वर्गात साठ मुलं, एकच स्पिरिटचा दिवा. मैद्यावर टिंक्चर आयोडीन टाका, निळं झालं, पिष्टमय पदार्थ आहे, लिहून घ्या. साखरेवर, मिठावर टाकून निळं होत नाही हे दाखवायला वेळ उरायचा नाही. म्हणजे पोरांना मी अर्धाच प्रयोग शिकवला. त्यातलंच एखादं पोर मोठं होऊन चमच्यात तांदूळ जाळत असेल, तर मी कुणाला नावं ठेवू?

पण ठाकुर्लीकर, म्हणून प्रयोगच नको हे मी मान्य करणार नाही. रोबॉथम चुकला तो पाण्याला डोळा लावल्यामुळे. वॉलेसने नजर वर घेतली आणि मधे खूण ठेवली. वाईट प्रयोगाला उत्तर चांगल्या प्रयोगानेच मिळालं. हॅम्डेनला नसेल पटलं. काठावर उभं राहून बघणाऱ्या बाकीच्यांचं काय?

ठाकुर्लीकर

काठावरच्यांचं मान्य. सिस्टरच्या रांगेचं पण मान्य. पण बाई, सिस्टरकडे वॉचमन होता आणि तुमच्याकडे भाचीचा नववा मजला. प्रत्येक अफवेमागे एवढी सोय कोण करणार? अफवा एका रात्रीत घाटकोपरहून विरारला पोचते. तुम्ही तीन संध्याकाळी धुरकं विरायची वाट बघत होता.

वसईची सिस्टर

टाल्कम पावडरचा डबा प्रत्येक घरात असतो.

काळाचौकी

भावाशी आत्ताच बोललो. तो म्हणतो, काउंटरवर जागा करतो. एका वाटीत दुकानातला साधा तांदूळ, दुसरीत वेचलेले फोर्टिफाइड दाणे, तिसरीत कापलेल्या प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे. मेणबत्ती नको, दुकानात गोण्या असतात. बाई, आग न लावता काय दाखवता येईल?

परळच्या बाई

तिन्ही वाट्यांत पाणी घाला, दोन तास ठेवा. नंतर बोटांत चिरडायला सांगा. पहिल्या दोन वाट्यांचं पीठ होईल, पिशवी तशीच राहील. केमिस्टकडून टिंक्चर आयोडीनची बाटली आणा आणि तिन्ही वाट्यांत दोन-दोन थेंब टाका. दोन निळ्या-काळ्या होतील, तिसरी नाही. वाट्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि नंतर ते सगळं फेकून द्या. गिऱ्हाइकाने घरचा तांदूळ आणला तर चौथी वाटी त्याची. फळ्यावर मराठीत मोठ्या अक्षरात: "हे वेगळे दाणे तांदळाच्या पिठाचेच आहेत. त्यात लोह आणि जीवनसत्त्वं घातली आहेत."

चेंबूर नाका

आईला घेऊन येते. पण चिरडणार ती स्वतः. दुसऱ्या कुणी चिरडून दाखवलेलं तिला चालणार नाही.

ठाकुर्लीकर

मी पण येतो. पटलं म्हणून नाही. किती जण थांबून बघतात आणि किती जण बघून पण तेच म्हणतात, ते मोजायला येतो.

मुलुंड पूर्व

फळ्यावर अजून एक ओळ लिहा: "घरात थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा रुग्ण असेल तर हा तांदूळ देण्याआधी डॉक्टरांना विचारा." वेचलेल्या दाण्यांच्या वाटीशेजारीच लिहा, म्हणजे नजरेतून सुटणार नाही.