मदत हवी आहे: मुलं धडा घडाघडा म्हणतात, पण वाचत नाहीत

माती_आणि_पाटी:
नमस्कार. मी रोज संध्याकाळी आमच्या समाजमंदिरात गावातल्या जि.प. शाळेच्या मुलांना घेऊन बसते. अकरा जण येतात. काल एकाला मराठीचा धडा वाचायला सांगितला. न अडखळता म्हणत होता, बोटही ओळीवरून फिरत होतं. मला शंका आली म्हणून मधेच पान उलटलं. बोट नव्या पानावर, तोंडात मात्र मागचंच पान! मग वहीत "बैल पाणी पितो" लिहून दिलं, तर माझ्या तोंडाकडे बघत बसला. अकरापैकी सात जणांचं असंच आहे. बाराखडी सगळ्यांची पाठ आहे. एप्रिलमध्ये परीक्षा. काय करू? सराव घ्या एवढंच सांगू नका, तो चालूच आहे.

निवृत्त_गुरुजी:
मुलं कितवीतली? आणि बाराखडी पाठ म्हणजे ओळीनं पाठ, की मधलंच अक्षर दाखवलं तरी सांगतात? ओळीनं पाठ असेल तर ते गाणं झालं. ग म भ न पासून सुरुवात करा, सारख्या वळणाची अक्षरं एकत्र. चारच अक्षरांत गमन, मन, नग, नभ तयार होतात. मी ३१ वर्षं असंच शिकवलं.

वऱ्हाडी_माणूस:
ताई, पयले पोट्ट्यांच्या हातचा मोबाईल काढा. माह्या पोराले म्या तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकलं, आता फाडफाड वाचते. जि.प.त शिकवतेच कोण?

शाळाबाई:
भाऊ, आम्ही शिकवतो. साठपर्यंत पट असला की कायद्यानं दोनच शिक्षक. पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे, त्यात ऑनलाइन माहिती भरायची. एक दिवस येऊन बसा वर्गात.
ताई, आधी प्रत्येक मूल कुठे अडतं ते बघा. 'असर' या मुलांना वाचता येतं का ते बघणाऱ्या पाहणीत वापरतात तसा एक कागद करा: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. जिथं अडेल तिथून त्याला शिकवायचं. तासाभरापुरती इयत्ता विसरा.

निवृत्त_गुरुजी:
पाचवीच्या मुलाला अक्षरांच्या गटात बसवलं की त्याच्यावर 'ढ'चा शिक्का बसतो. मी ते कधी केलं नाही.

शाळाबाई:
गुरुजी, कळत नसलेल्या धड्यासमोर वर्षभर बसवलं तरी शिक्का बसतोच, फक्त कुणी बोलून दाखवत नाही. निपुण भारत हे केंद्राचं वाचन-गणिताचं अभियान २०२१ मध्ये आलं, तेही तिसरीपर्यंतच्या मुलांसाठी. चौथी-पाचवीत पोचून अडलेल्यांचं कोण बघणार?

माती_आणि_पाटी:
तिसरी ते पाचवीची आहेत. मोबाईलचा प्रश्नच नाही, इथं रेंज नाही. कागद करून बघितला. गावातली चौघं गोष्ट वाचतात. पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, सातही जणं अक्षरांवर नाहीतर शब्दांवर अडतात.

केळापूरकर:
पोडावरची म्हणजे कोलाम जमातीची ना? ताई, हे पहिल्यांदाच सांगायचं होतं. घरी काय बोलतात?

माती_आणि_पाटी:
कोलामी. पण माझ्याशी मराठीच बोलतात, म्हणून लिहिलं नाही.

केळापूरकर:
सगळं तिथंच आहे. कोलामी द्रविड कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. ख, घ, भ हे उच्चार तिच्यात मूळचे नाहीत, म्हणून क-ख, ग-घ त्यांच्या कानालाच वेगळे लागत नाहीत. "पाणी दे" म्हणण्याइतकी मराठी येते, पण पुस्तकातली मराठी परकी. मग पाठ करण्यावाचून करतील काय? पोडावरची शिकलेली एखादी मुलगी मदतीला घ्या. मूल बोलेल ते देवनागरीत लिहा आणि तेच त्याला वाचायला द्या.

निवृत्त_गुरुजी:
परीक्षा मराठीत आहे. कोलामी लिहायला शिकवण्यात दोन महिने घालवणार?

केळापूरकर:
अक्षरं तीच आहेत, गुरुजी. 'क' एकदा कळला की दोन्हीकडे चालतो.

चष्मेवाली_आई:
डोळे तपासले का? माझ्या मुलीला वर्षभर सगळे आळशी म्हणत होते.

वऱ्हाडी_माणूस:
आन् वेचणीच्या दिवसात किती पोट्टे शाळेत राह्यतात? मायबाप कापसात, पोट्टे बांधावर लहानग्याले सांभाळत. आमच्याइकडं उन्हापायी शाळाबी बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडते.

माती_आणि_पाटी:
बारा दिवसांनी लिहितेय. पोडावरची दहावी झालेली एक मुलगी रोज येते. त्याच मुलानं तिला सांगितलं की शेळीनं त्याच्या वहीचं पान खाल्लं. तिनं ते कोलामीत लिहिलं, आम्ही शब्द कापून चिठ्ठ्या केल्या आणि मिसळल्या. त्यानं बोट ठेवत ठेवत वाक्य परत लावलं. एक चिठ्ठी मी मुद्दाम उलटी ठेवली, ती त्यानं माझ्या हातातून घेऊन सरळ केली. काल "बैल पाणी पितो" वाचलं, हळूच, पण वाचलं. गुरुजी, सुट्या अक्षरांना ग म भ न खरंच कामी आलं. 'भ'वर सगळे अडतात, पण आता का ते माहीत आहे.
एक मुलगी मात्र 'मेळा'ला 'माळा' वाचते, पाटी नाकाला लावून. चष्म्याला पैसे लागतात का? तिच्या घरी नाहीत.

शाळाबाई:
लागू नयेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं. तारीख मुख्याध्यापकांना विचारा. येऊन गेलं असेल तर ग्रामीण रुग्णालयात न्या, पण या आठवड्यातच.