दारावर टकटक करून ट्रकची मजबुती कळते का? पुणे-चाकणच्या गाडीमालकांनी बोला

मोशीवाला_दोन_गाड्या

काल निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत चहाला थांबलो होतो. बाजूला एक नवी कोरी दहा टायर उभी होती, अजून पासिंग व्हायचं होतं, सीटवरचं प्लास्टिकपण निघालं नव्हतं. माझा भाचा पहिली गाडी घेतोय म्हणून तिच्याभोवती फिरत होता. तेवढ्यात दोन जुने मालक आले, एकाने दारावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाला हा काय डबा दिलाय रे, आमच्या जुन्या टाटा १६१३ ट्रकचा पत्रा बघायचा होतास. दुसरा म्हणाला एचपी, म्हणजे इंजिनची घोड्यांची ताकद, किती ते विचार, जास्त एचपी म्हणजे जास्त माल ओढणार, बाकी काही बघू नको. झालं, पोरगं घरी येऊन जुनी गाडी बघू म्हणायला लागलं.

मला राग आला तो ह्याचा की आपल्या धंद्यात पोरं लाखोंचं कर्ज ह्या असल्या ऐकीव गोष्टींवर काढतात. म्हणून लिहितोय, पटलं नाही तर भांडा, पण मुद्द्यावर भांडा.

पहिलं, पत्रा. दाराचा पत्रा माल उचलत नाही, माल उचलते चासी म्हणजे खालचा सांगाडा, ॲक्सल आणि पाटे म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगा. आणि केबिनची मजबुती म्हणाल तर ती पत्र्याच्या जाडीत नसते, आतल्या खांबात आणि केबिन चासीला जिथे बसते त्या माउंटिंगमध्ये असते. केबिनची टेस्ट असते, एआयएस ०२९ नावाची, समोरून मोठा लोलक आदळतात आणि छतावर वजन देतात, मग ड्रायव्हर बसतो तिथे जीव वाचेल एवढी जागा उरते का ते बघतात. असल्या टेस्टा करणारी एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था, १९६६ ला स्थापन झालेली, आपल्या कोथरूडच्या टेकडीवर आहे. १६१३ च्या काळात कितीतरी गाड्या नुसती चासी म्हणून यायच्या आणि केबिन बॉडीवाला लाकूड-पत्रा ठोकून बनवायचा. ती समोरून धडकल्यावर तिचं काय होतं हे ज्याने बघितलंय त्याने टकटक करू नये.

दुसरं, एचपी. जुन्या गाड्यांचं नाव वाचा, नावातच सगळं लिहिलेलं असायचं. १२१० म्हणजे बारा टन, शंभर एचपी. १६१३ म्हणजे सोळा टन, एकशे तीस. २५१५, २५१८, पुढे ४०१८, ४९२३, आता ५५३०. आता भागाकार करा. १२१० ला टनामागे आठ एचपी पडायचे. २५१५ ला सहा. ४०१८ ला साडेचार. ५५३० ला तीनशे घोडे असूनपण टनामागे साडेपाचच. म्हणजे आकडा तिप्पट झाला आणि टनामागची ताकद कमी झाली. नुसता एचपी विचारणारा माणूस अर्धाच प्रश्न विचारतोय, किती टनाला किती एचपी हा खरा प्रश्न.

आळेफाटा_अण्णा

मोशीवाले, त्या दोघांत मी नव्हतो पण असतो तर मीपण तेच बोललो असतो. चौतीस वर्षं गाड्या चालवतोय आणि चालवून घेतोय. तुमचा भागाकार बरोबर असेल, पण मला सांगा रस्त्यात गाडी बंद पडल्यावर भागाकार येतो का मदतीला?

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. नवीन बीएस सिक्स गाडी, म्हणजे धुराच्या नव्या नियमाची, दीड वर्ष पण झालं नव्हतं. नारायणगाववरनं टोमॅटो भरून वाशीला निघाली, ओतूर सोडलं, मढच्या अलीकडे डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीवच गेला, पिकअप नाही, तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. रात्रीचे अकरा. माळशेज समोर. ड्रायव्हरने फोन केला, मी कंपनीच्या नंबरला लावला, ते म्हणाले सकाळी माणूस येईल. माणूस आला दुपारी एकला, लॅपटॉप लावला, आणि निघालं काय तर धूर तपासणाऱ्या नॉक्स सेन्सरची वायर उंदराने कुरतडलेली. एक वायर! तोपर्यंत खालच्या थरातल्या क्रेटमधनं पाणी गळायला लागलं होतं. वाशीच्या व्यापाऱ्याने निम्मा माल घेतला नाही आणि शेतकरी मला विचारतोय शेठ माझं काय चुकलं. काय सांगू त्याला, सेन्सरचं?

टाटाच्या जुन्या ६९७ इंजिनला पंप होता, नोझल होते, आणि पाना धरता येणारं कुठलंही पोरगं होतं. माळशेजच्या वळणावर डिझेलची हवा काढून गाडी चालू केलीय मी, मोबाईलच्या उजेडात नाही, काड्याच्या पेटीवर. मजबूत कशाला म्हणायचं? माझ्या मते जी माल पोचवते ती मजबूत.

चाकण_ट्रेलर

अण्णांशी शंभर टक्के सहमत

पिंपरीचा_मेकॅनिक

अण्णा तुमचं नुकसान झालं ते वाईटच, पण माझं गॅरेज आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो. माझ्याकडे बीएस सिक्सच्या ज्या गाड्या पॉवर गेली म्हणून येतात त्यातल्या पुष्कळ युरियाच्या असतात, आणि त्यातलं पुष्कळसं आपल्याच लोकांनी केलेलं असतं. एससीआरमध्ये, म्हणजे सायलेन्सरकडे धूर साफ करणाऱ्या यंत्रणेत, जो युरिया लागतो तो शुद्ध पाण्यात साडेबत्तीस टक्के, मापात. लोक काय करतात, बोअरचं पाणी मिसळतात, काहीजण शेतीच्या गोणीतला युरिया विरघळवून टाकतात. अहो शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा नीमकोटेड आहे, त्यावर कडुनिंबाचं तेल असतं, ते टाकल्यावर नोझल आणि कॅटॅलिस्टचं काय होणार? टाकी उघडली की कडेने पांढरे खडे धरलेले असतात, खडीसाखरेसारखे. मग म्हणायचं कंपनीने डबा दिला.

उंदराचं सांगायचं तर माल भरून रात्रभर मार्केटला उभी राहणाऱ्या गाड्यांना वायरिंगला जाळीची नळी टाकून घ्या. कमी खर्चात होतं.

आळेफाटा_अण्णा

मी बाटलीबंद कंपनीचाच युरिया टाकतो, पावत्या आहेत.

पिंपरीचा_मेकॅनिक

तुम्हाला नाही म्हणालो काका, चांगले मालक आहात तुम्ही. सर्रास जे चालतं ते सांगितलं.

वाघोली_क्रशर

हे एचपी-एचपी काय चाललंय कळत नाही, टिपरला एचपी नाही टॉर्क लागतो, म्हणजे इंजिनचा फिरवायचा जोर. खाणीतनं भरलेली गाडी वर काढताना मीटरवर हजार-बाराशे आरपीएम असतात, तिथे घोडे कुठून येणार. माझ्याकडे दोन हायवा टिपर आहेत, एकीचा एचपी कमी आणि तीच खाणीतनं पहिली वर येते. त्यामुळे एचपी ही शोरूमवाल्यांची गोष्ट, काम करणाऱ्याने टॉर्क बघावा. संपला विषय.

मोशीवाला_दोन_गाड्या

संपला नाही भाऊ. टॉर्क महत्त्वाचा आहे हे मान्य, पण टॉर्क आणि एचपी ही दोन वेगळी जनावरं नाहीत. हजार न्यूटन मीटर टॉर्क बाराशे आरपीएमवर मिळतोय म्हणजे तिथे एकशे सत्तर एचपी मिळतोयच, ते गणितच तसं आहे. तुमची कमी एचपीवाली आधी वर येते ती बहुतेक क्राऊन पिनियनमुळे, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरच्या रेशोमुळे. समजा एका गाडीचा रेशो ६.१७ आहे आणि दुसरीचा ४.८८, तर सारख्याच इंजिनला, सारख्याच गिअरमध्ये पहिल्या गाडीच्या चाकाला सव्वापट जोर मिळतो. तीच गाडी हायवेला काढा, इंजिन बोंबलतं आणि डिझेल पितं. दोन्ही गाड्यांचा रेशो एकदा बघून इथे टाका.

आता घाटाचं गणित करू, कारण पुण्यातनं कुठेही जा, घाट आहेच. २८ टनाची भरलेली गाडी, शंभर फुटाला सहा फूट चढ. तेवढ्या चढावर गाडी मागे ओढली जाते साधारण १६८० किलोच्या जोराने, त्यात टायरचं घर्षण धरा, झाले १९०० किलो. हे ओढत ताशी २० ने चढायचं तर चाकावर १४० एचपी लागतात. ३० ने चढायचं तर २१० लागतात. गिअरबॉक्स-क्राऊनमध्ये जातात ते वेगळेच. म्हणजे माल हलवतो टॉर्क आणि गिअर, पण किती वेळात वर पोचणार ते एचपी ठरवतो. त्यामुळे "जास्त एचपी म्हणजे जास्त माल" हे चूक, आणि "एचपीला अर्थ नाही" हेपण तितकंच चूक.

वाघोली_क्रशर

रेशो बघतो उद्या. पण खाणीत कोण ३० ने चढतंय

सातारा_रोडचा_ड्रायव्हर

मालक लोकांनो, गाडी आम्ही चालवतो म्हणून दोन शब्द.

स्पीड गव्हर्नरमुळे गाडी ऐंशीच्या वर जात नाही, त्यामुळे पॉवर पळवायला नको असते, ती चढाला आणि ओव्हरटेकला लागते. कमी पॉवरची भरलेली गाडी खंबाटकीत पहिल्या-दुसऱ्यात रांगते, मागे रांग लागते, कारवाले हॉर्न मारतात, आणि पायाखाली केबिनचा तवा झालेला असतो. १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या गाड्यांना केबिनला एसी सक्तीचा झालाय, मी तर म्हणेन वीस वर्षं उशिरा झाला. बिल्ड क्वालिटी म्हणजे फक्त चासी नाही हो, बारा तास ज्या सीटवर बसायचं ती पण त्यातच येते.

आणि सगळ्यात घातक गैरसमज कुणी लिहिलाच नाही. उतारावर न्यूट्रल करायचं म्हणजे डिझेल वाचतं. काही मालक ॲव्हरेज काढून दाखव म्हणून ड्रायव्हरला हेच शिकवतात! नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्यांना माहितीय, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने जवळपास पन्नास गाड्या ठोकल्या. त्या उतारावर अजून माणसं मरतायत. आताच्या इंजिनला गिअरमध्ये ठेवून पाय काढला की डिझेल आपोआप बंद होतं, थेंब जात नाही. न्यूट्रल केलं की उलट इंजिन आयडलिंगला ठेवायला डिझेल जातं. म्हणजे वाचत काहीच नाही, इंजिनचा ब्रेक जातो, ड्रम तापतात आणि मग पाय दाबून उपयोग नसतो. आणि इंजिनच बंद केलं तर ब्रेकची हवा भरायची थांबते, स्टेअरिंग दगड होतं. माझा जोडीदार गेलाय असाच, म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

मोशीवाला_दोन_गाड्या

दादा हे मी वर लिहायला पाहिजे होतं. माझ्या दोन्ही ड्रायव्हरांना तुमचा मेसेज वाचून दाखवतो आज.

टेल्कोवाल्याचा_पोरगा

माझे वडील पिंपरीला टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते, अजून घरात टेल्कोच म्हणतात, त्यामुळे मी एका बाजूचा आहे हे आधीच सांगतो. लोक म्हणतात जुन्या गाड्या मर्सिडीजच्या होत्या म्हणून टिकल्या. मर्सिडीजशी करार होता १९५४ ते १९६९. १६१३ त्याच्या पुष्कळ नंतरची. म्हणजे ज्या गाडीचं तुम्ही कौतुक करता ती आपल्याच लोकांनी मोठी केलेली होती.

दुसरं म्हणजे आज ज्या जुन्या गाड्या रस्त्यावर दिसतात त्या टिकलेल्याच दिसतात ना. त्यांच्याबरोबरच्या ज्या भंगारात गेल्या त्या कुठे दिसणार? आणि त्या टिकल्यात म्हणजे तीनदा इंजिन काम झालंय, केबिन बदललीय, चासीला पट्ट्या मारल्यात. मूळचं उरलंय काय, नंबर प्लेट.

आळेफाटा_अण्णा

पण तीनदा इंजिन काम करता आलं, हीच तर मजबुती! नव्या गाडीचा एक कंट्रोलर, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर गेला तर कितीला पडतो विचारा मेकॅनिकला.

पिंपरीचा_मेकॅनिक

हे मात्र खरंय, महाग पडतो. आणि बाहेर रिपेअर होईलच असं नाही.

अजून एक सांगून टाकतो, पाटे वाढवण्याबद्दल. गाडी आली की दुसऱ्या दिवशी मालक दोन पाटे जास्त टाकायला सांगतो, का तर गाडी बसू नये. पाटे वाढवून ॲक्सल वाढत नाही, ब्रेक वाढत नाही. उलट गाडी कडक झाली की सगळा दणका चासीला बसतो आणि पाट्याच्या हँगरजवळ चासी चिरते. वर कुणीतरी चासीच्या फ्लँजला (आडव्या कडेला) भोक पाडून ब्रॅकेट वेल्ड केलेलं असतं, चीर बरोब्बर तिथूनच सुरू होते. परवाच एक गाडी आली, बोट जाईल एवढी चीर, आणि मालक म्हणतो कंपनीचं लोखंड हलकं. २०१८ ला सरकारने पासिंग, म्हणजे मालासकट गाडीचं चालणारं वजन, वाढवून दिलं, दहा टायर २५ वरनं साडेअठ्ठावीस टनावर गेली, सगळ्यात मोठी ४९ वरनं ५५ वर गेली. तरी पुरत नाही का?

चाकण_ट्रेलर

भाडं वाढवून द्या मग नाही करत ओव्हरलोड. हुंडेकरी, म्हणजे माल मिळवून देणारा दलाल, टनावर पैसे देतो, डिझेल-टोल-हप्ता आमच्या बोकांडी.

मोशीवाला_दोन_गाड्या

भाड्याचं दुखणं खरं आहे, त्यावर वेगळा धागा काढू, मीच काढतो.

अण्णा, तुमचं एक मान्य करतो. नवी गाडी रस्त्यात अडली तर मालकाच्या हातात काही राहत नाही. म्हणून भाच्याला सांगितलंय, गाडीचा ब्रँड नंतर ठरव, आधी तुझ्या रूटवर कंपनीचा वर्कशॉप किती किलोमीटरवर आहे आणि रात्री उघडा असतो का ते स्वतः जाऊन बघ. पण जुनी १६१३ घे असं मी त्याला सांगणार नाही. त्याचा माल आहे चाकण ते कोल्हापूर, दर फेरीला खंबाटकी.

आळेफाटा_अण्णा

बरं मग असं करू. माझ्याकडे एक जुनी दहा टायर आहे, भाच्याने त्या नव्या गाडीची डेमो ट्रिप मागावी, शोरूमवाले देतात. दोन्हीत सारखं वजन भरू, वजनकाट्यावर मोजून, पासिंगच्या आत. रविवारी सकाळी सहाला खेड शिवापूरला या. खंबाटकी चढू, घड्याळ मोशीवाल्यांनी लावायचं, डिझेलचं माप मेकॅनिकने घ्यायचं.

सातारा_रोडचा_ड्रायव्हर

नवी गाडी मी चालवतो. उतारावर गिअरमध्येच.

मोशीवाला_दोन_गाड्या

ठरलं. काट्याच्या पावत्या दोन्ही गाड्यांच्या इथे टाकतो शनिवारी रात्री.