मुंबई ते न्यूअर्क: 5 तास की 15?

देवगडची आई:
मुलगी न्यू जर्सीला आहे, जानेवारीत बाळंतपण. मी एकटी जाणार, पहिल्यांदाच. मुंबईहून तिथल्या न्यूअर्कला थेट विमान आहे. तिकिटावर 12 जानेवारी, रात्री 1:00 ला सुटणार आणि 12 लाच सकाळी 6:10 ला पोहोचणार असं लिहिलंय. मुलगी म्हणते 15 तासांच्या वर बसायचंय. मग हे पाच तास कसले? अंतर नक्की किती? गुडघे दुखतात म्हणून विचारते. 11 ला रात्रीची कणकवलीहून कोकणकन्या काढली आहे.

चिपळूणकर:
काकू, दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यू जर्सी आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. तिथे 6:10 वाजतील तेव्हा देवगडात दुपारचे 4:40. म्हणजे प्रवास 15 तास 40 मिनिटं.

पण आधी गाडीचं बघा! 12 ची रात्री 1 म्हणजे 11 ची रात्र उलटल्यावर. 11 च्या रात्री नऊला तुम्ही सहारला टर्मिनल 2 वर हव्यात. त्या वेळी तुमची कोकणकन्या अजून कोकणातच असेल. 10 ची काढा, आजच.

दर्यावर्दी, रत्नागिरी:
ताई, अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, आमच्या भाषेत पावणेसात हजार समुद्री मैल. भिंतीवरच्या नकाशावर मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूअर्क दोरा ताणून धरा. अरबस्तानावरून सरळ पश्चिमेला न जाता तो वायव्येला चढतो आणि आइसलँडवरून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकावरून खाली उतरतो. तीच सर्वांत जवळची वाट. प्रत्यक्षात वारा आणि कुठलं आकाश खुलं आहे ते बघून विमान थोडं इकडेतिकडे होतं.

ताशी 900 ने हिशेब केलात तर चौदा तास येतील. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो समोरून लागतो. येताना पाठीवर असतो, म्हणून परतीला तास-दीड तास कमी. मी 28 वर्षं जहाजावर काढली, उलट्या वाऱ्यात गलबताचं काय होतं ते तुम्हा देवगडवाल्यांना वेगळं सांगायला नको.

कुडाळची सून:
काकू, व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा, तिकिटात नोंद होते. जागा येण्याजाण्याच्या वाटेच्या कडेची घ्या, मधली नको. दर दीड-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा. पायाला सूज येते, चप्पल सैल असू दे. आणि तिथली वेळ काढायची युक्ती: हिवाळ्यात आपल्या घड्याळात दीड तास मिळवायचा आणि दिवसाची रात्र करायची.

देवगडची आई:
चिपळूणकर, तुमचे उपकार कसे फेडू! मी 12 ला पहाटे मुंबईत उतरले असते आणि विमान गेलेलं असतं. 11 चं तिकीट रद्द केलं, 10 चं मिळालं, वेटिंग 14 आहे. नाहीच झालं तर भाचा गाडी घेऊन येतो म्हणालाय. कुडाळकरीण, 4:40 त दीड तास मिळवला, 6:10 झाले. जुळलं. कडेच्या जागेचं मुलीला आत्ताच कळवते, तिकडे पहाटेचे साडेपाच झालेत, ती हल्ली जागीच असते.