मदत हवी आहे: ‘अपहोल्ड’ला मराठीत काय म्हणावं?

ब्रिटनमधल्या एका तक्रार निवारण संस्थेचं पत्र मावशीसाठी मराठीत करतेय. त्यातल्या ‘युअर कम्प्लेंट इज पार्टली अपहेल्ड’ या वाक्यावर अडले आहे.

कोर्टाच्या बातम्यांत ‘अपहोल्ड’ म्हणजे ‘कायम ठेवणे’: उच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. तिथे आधीचा निर्णय असतो, म्हणून ते चपखल बसतं. पण ‘तक्रार कायम ठेवली’ म्हटलं तर ती अजून निकाली निघालेली नाही, असंच वाटतं. संविधानातल्या शपथेत याच क्रियापदासाठी ‘सार्वभौमता व एकात्मता उन्नत राखीन’ असं आहे. सुंदर आहे, पण इथे उपयोगाचं नाही. ‘पाठिंबा दिला’ तर साफ चूक, कारण निर्णय देणारा कुणाची बाजू घेत नाही.

शब्दकोश पाहिले, त्यांत ‘उचलून धरणे’, ‘समर्थन करणे’ एवढंच मिळालं. ‘ग्राह्य धरली’ सुचलं होतं, पण त्यातून तक्रार फक्त दाखल करून घेतली असा अर्थ निघेल का, ही धास्ती वाटते. निकाल लागलाय: तीनपैकी दोन मुद्दे मावशीच्या बाजूने, एक विरुद्ध.

मावशीला इंग्रजी येत नाही, त्यामुळे मूळ शब्द तसाच ठेवून चालणार नाही. ‘तक्रार अंशतः मान्य’ लिहिलं तर अर्थ नेमका पोहोचेल, की निकालपत्रांच्या मराठीत यासाठी दुसरा रुळलेला शब्द आहे?