पोटासाठी संमोहन उपचार कुणी घेतलेत का?

वेंगुर्लेकरीण: एसटीत चढायच्या आधी पोटात मुरडा ठरलेलाच. सोनोग्राफी, दुर्बीण सगळं नॉर्मल. डॉक्टर आयबीएस म्हणतात (तपासण्यांत काही सापडत नाही, पण पोट सतत दुखतं-बिघडतं तो आतड्यांचा त्रास) आणि आता संमोहन सुचवलंय. सासूबाईंचं म्हणणं, त्यापेक्षा देवळात गाऱ्हाणं घालूया! बेशुद्धीत काहीबाही बरळणार नाही ना मी?

रत्नागिरीकर: ताई, शुद्ध जात नाही. स्टेजवर लोकांना नाचवतात तो खेळ वेगळा. इथे डोळे मिटून श्वास संथ करायला लावतात, मग पोटावर हात ठेवून ‘ऊब पसरतेय, आतडी सैल पडतायत’ अशा सूचना देतात. नको वाटलं तर उठायचं. १९८४ साली मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्हॉरवेल यांनी औषधांना दाद न देणाऱ्या आयबीएसच्या ३० रुग्णांवर हे तपासलं, फरक चांगला पडला होता. घरी रोज सराव मात्र लागतो, तिथेच आपण ढेपाळतो.

मालवणातली काकी: गाऱ्हाणाय घाल गो, देव काय रागावाचो नाय! पण उपचार करणारा मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे का, ते बघ. ‘एका बैठकीत गॅरंटी’ म्हणणाऱ्याच्या दारात उभी राहू नको. वजन घटत असेल, शौचातून रक्त पडत असेल तर आधी पोटाचा डॉक्टर.

वेंगुर्लेकरीण: वजन कसलं घटतंय काकी, आंब्याचा सीझन! फी विचारून सांगते.