मदत हवी आहे : सातवीचा निकाल, हजेरी आणि घरची भाषा, तक्ता कसा वाचायचा? (सोलापूर)

नमस्कार. माझी मुलगी सोलापूरच्या पूर्व भागात महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीत आहे. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. यंदा मी शाळा व्यवस्थापन समितीवर आले. येत्या शनिवारी शाळा विकास आराखड्याची बैठक आहे, तिथे मला बोलायचं आहे.

मागच्या बैठकीत निकालाचा विषय निघाला तेव्हा कोणीतरी म्हणालं, "तेलुगू घरातली मुलं, आया विड्या वळणाऱ्या, वडील कारखान्यात. यांच्याकडून किती अपेक्षा करायची?" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेल. पण ते घर माझंच आहे. आम्ही घरी तेलुगू बोलतो, आई अजून विड्या करते, नवरा टॉवेलच्या कारखान्यात आहे. मी मराठी शाळेतच शिकले. ते बोलणं मनातून जाईना.

म्हणून वर्गशिक्षिकांना विचारून, त्यांच्यासमोर बसून एक तक्ता केला. नावं घेतली नाहीत. पायाभूत चाचणी आणि पहिल्या संकलित चाचणीचे मराठी-गणिताचे गुण, मुलगा की मुलगी, घरची भाषा, आणि जून ते जानेवारी हजेरी. वर्गाचा पट ३८ आहे.

घरच्या भाषेप्रमाणे लावलं तर तेलुगू घरची मुलं खाली दिसतात, हे खरं. पण हजेरीप्रमाणे लावलं की चित्र बदलतं. रोज येणारी तेलुगू घरची मुलं मराठी घरच्या मुलांच्या बरोबरीनं आहेत. गैरहजेरी जास्त आहे ती मुलींची. (गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेचे दिवस मी वगळले, तेव्हा सगळा वर्गच होम मैदानावर असतो.) कारण मला शोधावं लागलं नाही. आईला दिवसाच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या असतात. पानं भिजवायची, कातरायची, वळलेल्या विडीचं तोंड बंद करायचं, कट्टे बांधायचे. आईचा एक दिवस आजारपणात गेला की मोठ्या मुलीची शाळा बुडते. मी स्वतः अशा कितीतरी शाळा बुडवल्यात.

दुसरी गोष्ट गणिताची. मांडून दिलेलं गणित मुलं करतात, शाब्दिक उदाहरण आलं की जागा कोरी सोडतात. माझ्या मुलीला नफा-तोट्याचं एक उदाहरण जमेना. तेच मी तेलुगूत सांगितलं, तिनं तोंडी उत्तर दिलं. मग कच्चं काय, गणित की मराठी?

एवढ्याशा तक्त्यावरून मी हे म्हणू शकते का? आणि बैठकीत मांडताना एकाही मुलावर शिक्का बसू नये, यासाठी काय करू?

प्रतिसाद : निवृत्त शिक्षक, अक्कलकोट तालुका

ताई, आधी एक दुरुस्ती. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तांच्या अभ्यासावर असते, संकलित चालू अभ्यासावर. दोन्हींचे गुण वजा करून "प्रगती" काढू नका. पहिल्या चाचणीत वर्गात कोण कुठे होतं आणि दुसरीत कुठे आहे, एवढंच बघा. टक्केवारी तर अजिबात नको. कन्नड घरची पाच मुलं असली तर एक मूल म्हणजेच २० टक्के होतं! सरळ आकडा लिहा.

हजेरीचं तुमचं निरीक्षण मला पटतं, पण एका वर्गावरून "कारण हेच" असं म्हणू नका. "आमच्या वर्गात असं दिसतं, सहावी-आठवीतही पाहू या" असं म्हणा. त्याला कुणी नाही म्हणणार नाही.

शाब्दिक उदाहरणांचं मात्र तपासता येतं. आमच्याकडे कन्नड घरची मुलं होती, मी हेच करायचो. पाच उदाहरणं मुलांना स्वतः वाचून सोडवू द्या. आठवड्यानं तशीच पाच, आकडे बदलून, बाईंनी सावकाश वाचून दाखवायची. दुसऱ्या वेळी जमलं तर अडचण वाचण्यात आहे. तरीही अडलं तर शब्द तपासा. माझी मुलं 'प्रत्येकी', 'अनुक्रमे', 'उरलेले' इथे अडायची, आणि सगळ्यात जास्त '७ ने कमी' आणि '७ पेक्षा कमी' यांत. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हा फरक कानानं कळतो, बाकीच्यांना तो शिकवावाच लागतो. आमच्या वर्गात भिंतीवर अशा शब्दांचा तक्ता होता, मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी. तुमच्याकडे तेलुगूत आयाच लिहून देऊ शकतील.

प्रतिसाद : एक पालक, नीलम नगर

मुलगी, तेलुगू घर आणि कमी हजेरी असे तिन्ही रकाने एकत्र दाखवले तर नाव नसूनही वर्गातली पोरगी ओळखू येईल. बैठकीत एका वेळी एकच रकाना दाखवा.

आणि आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा विसरू नका. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल तर महापालिका शाळेतल्या मुलांना बसता येतं, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. परीक्षेला बसायला सातवीचे गुण बघतात, म्हणून यंदाचा निकाल महत्त्वाचा. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्राच्या श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्तीही आहे, राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज करतात. आजीचं विडी कामगाराचं कार्ड चालत नाही, आईचं किंवा वडिलांचं लागतं.

धागाकर्ती

सर, दादा, खूप आभार. रकाने वेगळे केले, टक्के खोडले. बाईंना पाच उदाहरणांचं सांगितलं, त्या सोमवारी घेणार आहेत. तेलुगू शब्दांसाठी आमच्या गल्लीतल्या तिघी तयार आहेत, त्यातल्या एकीला लिहिता येत नाही, ती सांगेल आणि माझी मुलगी लिहील.

एक अजून विचारते. विड्या देण्याच्या दिवशी मुली पहिले दोन तास चुकवतात. त्या दिवशी गणित-मराठीचे तास दुपारी ठेवा, अशी मागणी समितीनं केली तर मुख्याध्यापकांना वेळापत्रक बदलता येतं का? कुणाच्या शाळेत असं केलंय का?